थरथरणाऱ्या इंजिनाचं निदान आधी, सुटे भाग नंतर

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

सिग्नलला गाडी उभी आहे आणि स्टिअरिंग, सीट, आरसा सगळं थरथरतंय. वेग घेतला की सारं शांत. ही तक्रार घेऊन गॅरेजात गेलेल्या माणसाला बहुतेक ठिकाणी एकच यादी ऐकवली जाते. प्लग बदला, थ्रॉटल बॉडी साफ करा, इंजेक्टर क्लीनिंग करून घ्या, डीकार्बनायझिंगचं (आतली काजळी काढण्याचं) पॅकेज आहे, माउंटिंग (इंजिन ज्यांवर बसतं त्या रबरी बैठका) गेली असतील. यातलं प्रत्येक काम कुठल्या ना कुठल्या गाडीला लागू पडतं. पण काहीही न मोजता एकामागून एक भाग बदलत जाणं म्हणजे निदान नव्हे, आणि त्याचा भुर्दंड मालकाला बसतो. पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांमध्ये हा तपास कोणत्या क्रमाने व्हायला हवा आणि मालकाने गॅरेजकडे काय मागावं, हे आपल्या वाचकांपुढे यावं म्हणून हे पत्र.

सर्वांत पहिला प्रश्न असा, की इंजिन खरोखर मिसिंग मारतंय, म्हणजे एखादा सिलिंडर पेटायचा चुकतोय, की इंजिन ठीक असून त्याची नेहमीची थरथर बॉडीपर्यंत पोचतेय? या दोन गोष्टींचा गोंधळ झाला की पुढचा सगळा खर्च चुकीच्या दिशेने जातो. फरक ओळखायला हिशेब साधा आहे. गरम इंजिन आयडलिंगला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता चालू असताना, मिनिटाला साधारण ७५० फेरे घेतं. फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, म्हणजे चार सिलिंडरच्या इंजिनात सेकंदाला २५ स्फोट होतात आणि तीन सिलिंडरच्या इंजिनात १९ च्या आसपास. ही थरथर हाताला सलग गुणगुण म्हणून जाणवते. एकच सिलिंडर पेटत नसेल तर मात्र सेकंदाला सहाएक हिसके बसतात. ते वेगवेगळे जाणवतात, गाडी आडवी हलते, आणि सायलेन्सरच्या तोंडाशी कागदाची पट्टी धरली तर ती एकसारखी बाहेर फडफडण्याऐवजी मधूनच आत ओढली जाते. सलग गुणगुण असेल आणि आरपीएमचा (मिनिटाच्या फेऱ्यांचा) काटा स्थिर असेल, तर प्लग आणि त्याला ठिणगीची वीज देणारी कॉइल यांना हात लावण्याआधी माउंटिंग बघा.

तीन सिलिंडरच्या गाड्या आता रस्त्यावर भरपूर आहेत आणि त्यांच्या मालकांची ही तक्रार जास्त असते. या इंजिनात स्फोट २४० अंशांच्या अंतराने होतात, चार सिलिंडरमध्ये १८० अंशांच्या. शिवाय तीन पिस्टनच्या वर-खाली होण्यामुळे इंजिनाची दोन टोकं आलटून पालटून उचलली जातात. थोडी थरथर हा रचनेचाच भाग आहे. त्याच मॉडेलची, तेवढ्याच किलोमीटरची दुसरी गाडी शेजारी उभी करून तुलना करणं ही सर्वांत स्वस्त आणि खात्रीची तपासणी आहे.

माउंटिंग बहुतेक छोट्या गाड्यांत तीन असतात: दोन बाजूंना, आणि खाली मागे इंजिनाचा झोका धरून ठेवणारं एक. रबराला चीर गेलेली, धातूला धातू लागल्याची चकाकी, किंवा आत द्रव असलेलं माउंटिंग असेल तर खाली ओघळलेला डाग, या तीन खुणा शोधायच्या. टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटीची ऑटोमॅटिक गाडी ब्रेक दाबून ‘डी’मध्ये ठेवली की जास्त थरथरते आणि ‘एन’मध्ये टाकली की शांत होते, तर संशय माउंटिंगवर जातो. एएमटी गाडीत (साध्या गिअरबॉक्सचा क्लच यंत्राने चालतो अशा) ही चाचणी उपयोगाची नाही, कारण उभ्या गाडीत तिथे क्लच सुटलेलाच असतो. सायलेन्सरचा पाइप बॉडीला घासत असेल किंवा त्याचं टांगतं रबर तुटलं असेल तरी हुबेहूब अशीच थरथर येते. ते गाडी जॅकवर घेतल्याशिवाय दिसत नाही, म्हणून बऱ्याचदा राहून जातं.

आता खरं मिसिंग. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी पुढे चालवू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या सायलेन्सरकडच्या डब्यात) जाऊन पेटतं आणि आतली जाळी वितळू शकते. काही शे रुपयांच्या प्लगमुळे हजारो रुपयांचा कन्व्हर्टर जातो तो असा. दिवा स्थिर असेल किंवा नसेलच, तरी स्कॅनर लावायचाच. आपल्याकडे बीएस-४ मोटारींना एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ (गाडीने स्वतःचे दोष कोडच्या रूपात नोंदवण्याची पद्धत) सक्तीचं झालं आणि स्टिअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट आलं. मोबाइलला जोडायचं साधं ब्लूटूथ यंत्रही कोड आणि चालू आकडे दाखवतं.

कोड वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. पी०३०१ म्हणजे ‘पहिल्या सिलिंडरची कॉइल खराब’ असं नव्हे. पहिल्या सिलिंडरच्या पाळीला क्रँकशाफ्टचा वेग जरा पडला, एवढंच ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या संगणकाला) कळलेलं असतं. ठिणगी नव्हती, इंधन नव्हतं की कम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) नव्हतं, हे शोधायचं काम माणसाचं आहे. पी०३०० असेल तर मिसिंग एका सिलिंडरला बांधलेलं नाही. मग एका कॉइलमागे न लागता सगळ्या सिलिंडरना सामायिक असणाऱ्या गोष्टी बघायच्या: हवेची गळती, इंधनाचा दाब, टायमिंग, खराब पेट्रोल. आणि कोड पुसण्याआधी त्यासोबत साठलेली फ्रीझ फ्रेम वाचून लिहून ठेवायची. दोष आला तेव्हा इंजिन गरम होतं की थंड, आरपीएम किती, भार किती, हे तिथे असतं. अनेक गॅरेजांत पहिलं काम कोड पुसण्याचं होतं आणि हा पुरावा हातचा जातो.

एका सिलिंडरचा कोड असेल तर अदलाबदलीची पद्धत सर्वांत भरवशाची. पहिल्या सिलिंडरची कॉइल दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची पहिल्यावर, बाकी काही हलवायचं नाही. कोड पुसून गाडी चालवायची. पी०३०२ आला तर कॉइल दोषी. पी०३०१ च राहिला तर पुढच्या वेळी फक्त प्लग बदलून बघायचा, मग इंजेक्टर. एका वेळी एकच भाग हलवायचा. कॉइल आणि प्लग एकदम हलवले तर उत्तर हाती लागत नाही. कोणता सिलिंडर बंद आहे हे चालू इंजिनावर शोधायचं असेल तर कॉइलऐवजी इंजेक्टरचं कनेक्टर काढावं. कॉइल काढली तर तेवढा वेळ कच्चं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जातं, आणि हजारो व्होल्टचा झटका बसण्याचा धोकाही असतो. कनेक्टर काढल्याबरोबर आरपीएम पडले तर सिलिंडर काम करतोय. काहीच फरक पडला नाही तर तोच बंद. पहिल्या क्षणाचाच फरक बघायचा, कारण ईसीयू लगेच थ्रॉटल उघडून आरपीएम सावरून घेतो.

प्लग थंड इंजिनावरच काढायचे. हेड ॲल्युमिनियमचं असतं आणि गरम असताना आटे सोलवटतात. काढण्याआधी प्लगच्या खोबणीत दाबाची हवा मारायची, नाहीतर तिथली माती थेट सिलिंडरमध्ये पडते. खोबणीत काय सापडतं तेही बघा. ऑइल असेल तर टॅपेट कव्हरचं (इंजिनावरच्या झाकणाचं) पॅकिंग गेलंय. पाणी असेल तर बहुधा सर्व्हिसिंगला प्रेशरने इंजिन धुतलंय, आणि धुतल्यानंतर एक-दोन दिवसांत सुरू झालेल्या मिसिंगचं हेच पहिलं कारण समजावं. प्लगचं टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर जळण चांगलं. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, ओलं तेलकट काळं म्हणजे ऑइल वर येतंय, पांढरंफटक म्हणजे मिश्रण पातळ, हवेच्या मानाने पेट्रोल कमी. पांढऱ्या चिनीमातीवर पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी उभी रेघ दिसली तर ठिणगी टोकावर न पडता बाहेरून खाली उतरतेय. अशा वेळी नुसता प्लग बदलून भागत नाही, कॉइलचं रबरी बूटही बदलावं लागतं. नाहीतर त्याच रेघेने नवा प्लगही खराब होतो.

प्लगच्या टोकाशी ठिणगी पडते ती फट, म्हणजे गॅप, फीलर गेजने मोजायचा. पेट्रोल गाड्यांत तो बहुधा ०.८ ते १.१ मिमी असतो, पण आकडा गाडीच्या पुस्तकातलाच धरावा. सीएनजीला पेटायला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून पेट्रोलवर कसाबसा चालणारा, झिजून वाढलेला गॅप सीएनजीवर उघडा पडतो. इरिडियम प्लगचं टोक घासायचं नाही, ठोकूनही गॅप काढायचा नाही. बसवताना १४ मिमीच्या प्लगला ॲल्युमिनियम हेडमध्ये २५ ते ३० न्यूटन-मीटर, १२ मिमीला १५ ते २०, १० मिमीला १० ते १२. टॉर्क पाना नसेल तर वॉशर असलेला नवा प्लग हाताने पूर्ण बसवून मग पान्याने अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा द्यायचा. लांब दांड्याच्या पान्यावर जोर काढून १० मिमीचे प्लग हेडमध्येच तुटतात.

कॉइल, प्लग सगळं ठीक निघालं की फ्युएल ट्रिम बघायची. ऑक्सिजन सेन्सरच्या सांगण्यावरून ईसीयू किती टक्के इंधन वाढवतोय किंवा कमी करतोय, तो हा आकडा. उणे १० ते अधिक १० पर्यंत चिंता नाही. आयडलिंगला अधिक २० आणि २,५०० आरपीएमला अधिक ४ असं दिसलं तर कुठूनतरी बिनमापाची हवा आत येतेय. आयडलिंगला एकूण हवाच कमी असते, म्हणून तेवढी गळती तिथेच जास्त भोवते. उलट आरपीएम आणि भार वाढवला की ट्रिम वाढत गेली तर इंधन कमी पडतंय: पंप, टाकीतला फिल्टर किंवा तुंबलेले इंजेक्टर. आयडलिंगला ट्रिम बरीच उणे असेल तर ठिबकणारा इंजेक्टर किंवा उघडा राहिलेला पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारी झडप). टाकी फुल्ल केल्यानंतर गाडी चालू व्हायला त्रास देते आणि मग काही मिनिटं थरथरते, या तक्रारीत पर्ज व्हॉल्व्हच आधी तपासावा. त्याची नळी पकडीने हलकेच चिमटली आणि इंजिन शांत झालं, की निदान झालं.

इथे एक बारकावा आहे, आणि तो चांगल्या मेकॅनिकांच्याही नजरेतून सुटतो. अनेक छोट्या पेट्रोल गाड्यांत हवा मोजणारा मीटर नसतो. मॅनिफोल्डमधल्या (सिलिंडरना हवा वाटणाऱ्या नळकांड्यातल्या) दाबाच्या सेन्सरवरून हवेचा अंदाज घेतला जातो. अशा गाडीत गळतीतून आलेली हवाही सेन्सरच्या हिशेबात येते, ईसीयू तिच्यापुरतं इंधन देतो, आणि ट्रिम जवळजवळ ठीक दिसते. तिथे गळतीची खूण वेगळी असते: आरपीएम वर चढलेले, दाबाचा आकडा नेहमीपेक्षा जास्त, आणि गळती एकाच सिलिंडरच्या तोंडाशी असेल तर फक्त तोच सिलिंडर पातळ मिश्रणामुळे अडखळतो. म्हणून ‘ट्रिम ठीक, म्हणजे गळती नाही’ असा निष्कर्ष काढण्याआधी गाडीत कोणता सेन्सर आहे ते बघायला हवं.

ई२० पेट्रोलचाही (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या; ई१० मध्ये १० टक्के) इथेच विचार करावा लागतो. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला पुरं जळायला १४.७ किलो हवा लागते, १० टक्के इथेनॉल असलेल्याला सुमारे १४.१ आणि २० टक्केवाल्याला सुमारे १३.५. ई१० साठी बेतलेल्या गाडीत ई२० भरलं की ट्रिम चार-पाच टक्के वर जाणं स्वाभाविक आहे. त्याला दोष समजून इंजेक्टर काढू नयेत. मात्र आधीच अधिक १० वर चालणाऱ्या जुन्या गाडीची उरलीसुरली सवड त्यात संपते. पावसाळ्यात टाकीत पाणी शिरलं तर इथेनॉल ते शोषून घेतं आणि प्रमाण वाढलं की पाणी-इथेनॉलचा थर वेगळा होऊन तळाशी बसतो, जिथून पंप खेचतो. पेट्रोल भरून आल्यावर लगेच मिसिंग सुरू झालं तर टाकीतलं थोडं पेट्रोल पारदर्शक काचेच्या बाटलीत काढून तासभर ठेवावं. खाली वेगळा थर दिसला तर बाकी तपास थांबवून आधी टाकी रिकामी करावी.

हवेची गळती कुठे शोधायची? पीसीव्हीची (इंजिनाच्या पोटातली वाफ परत ओढणारी) नळी, ब्रेक बूस्टरची (ब्रेकला जोर देणाऱ्या डब्याची) नळी, मॅनिफोल्डचं पॅकिंग, इंजेक्टरचे ओ-रिंग, वापरात नसलेल्या नळ्यांवरची रबरी टोपणं. नीट न बसलेली डिपस्टिक आणि ऑइलचं सैल झाकणसुद्धा. ब्रेक दाबून धरल्यावर आयडलिंग बदलत असेल तर बूस्टर किंवा त्याची नळी. चालू गरम इंजिनावर कार्ब क्लीनरचे फवारे मारत गळती शोधण्याची पद्धत सर्रास चालते. तिने आगी लागतात. धुराचं यंत्र असलेल्या गॅरेजात हेच काम दहा मिनिटांत, इंजिन बंद ठेवून होतं. ते नसेल तर एक हातभर रबरी नळी कानाला लावून दुसरं टोक सांध्यांजवळ फिरवलं तरी सूं आवाज सापडतो. पंखा आणि बेल्टपासून नळी लांब ठेवावी.

थ्रॉटल बॉडी साफ करणं हे काम उपयोगाचं आहे, पण आत हवा सोडणाऱ्या पट्टीच्या कडेला काजळी साचलेली असेल तरच. एसी चालू केला की आरपीएम गटांगळी खातात, ही त्याची खूण. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची पट्टी स्विच ऑन असताना बोटाने ढकलू नये, आतले गिअर तुटतात. साफ केल्यावर आरपीएम चढलेले राहिले तर घाबरायचं कारण नाही. काजळी धरून शिकलेलं जुनं माप ईसीयूच्या डोक्यात असतं. स्कॅनरने किंवा कंपनीने दिलेल्या पद्धतीने आयडलिंग पुन्हा शिकवावं लागतं. तेवढं न करता गाडी परत देणं म्हणजे काम अर्धवट सोडणं.

सीएनजी गाडीत पहिली चाचणी बटणाची. थरथर दोन्ही इंधनांवर आहे की एकावरच? फक्त गॅसवर असेल तर गॅसचा फिल्टर, रेग्युलेटर आणि गॅस इंजेक्टर. फक्त पेट्रोलवर असेल तर महिनोन् महिने न वापरल्याने चिकटलेले पेट्रोल इंजेक्टर. टाकीत २०० बारपर्यंत दाब असतो, म्हणून त्या बाजूचा एकही सांधा अधिकृत माणसाशिवाय कुणी उघडू नये. दोन्हीवर थरथर असेल, विशेषतः इंजिन गरम झाल्यावर वाढत असेल, तर टॅपेटचा क्लिअरन्स (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांच्यातली फट) मोजावा. गॅस कोरडा असल्याने एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि क्लिअरन्स कमी होत जातो. मग गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही आणि कम्प्रेशन गळतं. ‘टॅपेटचा आवाज नाही, म्हणजे ठीक आहे’ हे वाक्य सीएनजी गाडीच्या बाबतीत घातक आहे. क्लिअरन्स कमी झालेलं इंजिन उलट जास्त शांत वाजतं.

एवढं करूनही एक सिलिंडर अडलेलाच असेल तर कम्प्रेशन मोजायचं. सगळे प्लग काढून, इंधन पंपाचा फ्यूज आणि कॉइलची कनेक्टरं काढून, बॅटरी भरलेली ठेवून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारायचा, गेजचा काटा पाच वेळा उचलू द्यायचा आणि मग आकडा वाचायचा. आजच्या पेट्रोल इंजिनात बहुधा ११ ते १४ बार येतात. सिलिंडरांतला फरक एक बारच्या आत हवा. नेमकी मर्यादा पुस्तकात असते. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजायचं. दाब वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. शेजारचे दोन सिलिंडर सारखेच कमी आले तर त्यांच्या मधलं गॅस्केट. त्याच्याही पुढे जायचं तर सिलिंडरमध्ये हवा भरून ती कुठून निसटते ते ऐकायचं: सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, थ्रॉटलमधून आली तर इनटेक, ऑइलच्या झाकणातून आली तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट. हेड खोलण्याचा निर्णय या आकड्यांशिवाय कुणी घेऊ नये.

व्हॅक्युम गेज (मॅनिफोल्डमधली ओढ मोजणारं घड्याळ) वापरणाऱ्यांसाठी एक सूचना. समुद्रसपाटीला निरोगी इंजिन १७ ते २१ इंच पारा दाखवतं, आणि दर हजार फुटांना साधारण एक इंच कमी होतो. मुंबईतला १८ चा आकडा पुण्यात सुमारे ५६० मीटर उंचीवर १६ च्या आसपास दिसेल, महाबळेश्वरला आणखी खाली. त्यावरून टायमिंग चेन उतरवायची नसते. काटा एकाच लयीत झटके देत असेल तर मात्र एखादा व्हॉल्व्ह नक्की तपासावा.

पावसाळ्याच्या दिवसांत उंदरांनी कुरतडलेल्या वायरी आणि गंजलेलं अर्थिंग विसरू नये. बॅटरी बंद गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास, चालू गाडीत १३.८ ते १४.५. दिवे, पंखा, एसी चालू ठेवून बॅटरीच्या निगेटिव्ह टोकापासून इंजिनाच्या ब्लॉकपर्यंत व्होल्टमीटर लावावा, ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर अर्थिंगची पट्टी साफ करावी किंवा बदलावी. कॉइलमधली गळती अंधारात इंजिन चालू ठेवून नुसत्या डोळ्यांनी दिसते, निळसर ठिणग्या उडताना. दमट रात्री तर हमखास.

आता मागणी. गाडी परत घेताना मालकाने जॉब कार्डवर किंवा बिलावर चार गोष्टी लिहून मागाव्यात: आलेले कोड, फ्रीझ फ्रेम, आयडलिंग आणि २,५०० आरपीएमची ट्रिम, आणि कम्प्रेशन मोजलं असेल तर प्रत्येक सिलिंडरचा आकडा. काढलेले जुने भाग परत मागावेत. बिल न देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे, हे गॅरेजमालकांनीही ध्यानात घ्यावं. हे आकडे लिहायला मेकॅनिकला पाच मिनिटं लागतात, आणि पुढच्या मेकॅनिकला तपास शून्यापासून सुरू करावा लागत नाही. गॅरेजमालकांच्या संघटनांनी आणि आयटीआयमधल्या मोटार मेकॅनिक अभ्यासक्रमाच्या शिक्षकांनी असा एक पानी तपासणी-नमुना मराठीत तयार करून छापावा, आणि आपल्या वृत्तपत्राने वाहनविषयक पानावर त्याला जागा द्यावी, अशी विनंती आहे.

आपला,
एक मोटार मेकॅनिक, सांगली
(नाव छापू नये ही विनंती)